संख्याशास्त्र, गणित, अभियांत्रिकीकडून जैववैद्यकीय संशोधनाकडे : मार्गदर्शकासह मिळणाऱ्या निधीसाठी अर्ज कसा करावा

नाशिकमध्ये गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकून पुढे पीएच.डी. केलेल्या अनेकांना आपली गणिती साधने आजार, औषधे आणि रुग्णालये यांच्या प्रश्नांना लावावीत असे मनापासून वाटते, परंतु त्यासाठी लागणारी तीन-चार वर्षे कोण पोसणार आणि कोणत्या दाराशी जायचे हे सांगणारे माणूस आसपास सापडत नाही. मी संख्याशास्त्रातून या क्षेत्रात आले आणि अशा अर्जांच्या प्रक्रियेतून गेले, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी ही माहिती क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगते. या प्रकारच्या निधीतून तुमच्या शिकण्याच्या वर्षांचा खर्च भागवला जातो आणि परीक्षक अर्ज त्याच नजरेने वाचतात. गणिती माणसाला आपले अज्ञान लपवण्याची आणि आपले मॉडेल पुढे करण्याची सवय असते. इथे ती सवय सोडून, मला जीवशास्त्रातले नेमके काय येत नाही, ते मी कोणाकडून, किती काळात आणि कसे शिकणार आहे, हे स्पष्ट लिहावे लागते. अर्जातले बाकी सर्व काम या एका प्रामाणिकपणावर उभे असते.

१. हा निधी कसा असतो ते समजून घ्या

या प्रकारच्या निधीचे सर्वांत नेमके उदाहरण अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, या संस्थेचे आहे. तिथे ‘मेंटर्ड क्वांटिटेटिव्ह रिसर्च करिअर डेव्हलपमेंट अवॉर्ड’ नावाचा पुरस्कार असून तो के-२५ या क्रमांकाने ओळखला जातो. ज्यांची आतापर्यंतची वाटचाल संख्यात्मक शास्त्रांत किंवा अभियांत्रिकीत झाली आहे आणि ज्यांना आता आरोग्यविषयक संशोधनाकडे वळायचे आहे, अशांसाठीच तो आखलेला आहे. त्याची मुदत ३ ते ५ वर्षांची असते. या काळात अर्जदाराने आपल्या व्यावसायिक वेळेपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे वर्षाला ९ महिन्यांइतका वेळ, संशोधन आणि प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा लागतो, आणि तो वेळ आम्ही देऊ अशी लेखी हमी यजमान संस्थेने द्यावी लागते.

ही ७५ टक्क्यांची अट मला संपूर्ण योजनेतील सर्वांत शहाणी अट वाटते. तास घेणे, पेपर तपासणे, प्रवेशप्रक्रिया, समित्या हे सर्व सांभाळून उरलेल्या वेळात पेशीजीवशास्त्र शिकता येत नाही, हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. तुम्ही भारतातील योजनेकडे अर्ज करणार असाल आणि तिच्यात अशी अट इतक्या स्पष्ट शब्दांत नसेल, तरी आपल्या अर्जात वेळेचा हिशेब स्वतःहून मांडा.

२. आपल्याला कोणते दार उघडे आहे ते आधी पाहा

बहुतेकांची इथेच फसगत होते. योजनेचे वर्णन वाचून उत्साहाने प्रस्ताव लिहायला घेतला जातो आणि पात्रतेची अट महिन्याभराने लक्षात येते. क्रम उलटा ठेवा : प्रथम नागरिकत्व, मग पीएच.डी.नंतरची वर्षे, मग वय, मग संस्था.

तुम्ही अमेरिकेत असाल आणि तिथले नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल, तर के-२५ चा विचार करा. पुरस्कार मिळेपर्यंत कायम वास्तव्याचा परवाना हातात असावा लागतो आणि यजमान संस्था अमेरिकेतीलच लागते. एनआयएचचे आर-०१ सारखे मोठे स्वतंत्र अनुदान आधी प्रमुख संशोधक म्हणून मिळालेले असेल, तर हा मार्ग बंद होतो. एनआयएचमध्ये २७ संस्था आणि केंद्रे आहेत, त्यांतील प्रत्येक जण के-२५ देतेच असे नाही, आणि देणाऱ्यांच्याही पगाराच्या व संशोधनखर्चाच्या मर्यादा निरनिराळ्या आहेत. त्यामुळे संबंधित संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला आपल्या उद्दिष्टांचे एक पान पाठवून आधी बोलून घ्यावे. असे बोलणे तिथे वशिला मानले जात नाही, ते अधिकारी त्यासाठीच नेमलेले असतात; आपल्याकडील संकोच बाजूला ठेवून पत्र पाठवा.

अमेरिकेत असूनही ग्रीनकार्ड नसेल, तर के-९९/आर-०० हा पुरस्कार पाहावा. त्याला नागरिकत्वाची अट नाही, परंतु अर्जाच्या वेळी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक, म्हणून ४ वर्षांहून अधिक अनुभव झालेला चालत नाही. त्यात २ वर्षांपर्यंतचा मार्गदर्शित टप्पा आणि नंतर प्राध्यापकपद मिळाल्यावर ३ वर्षांपर्यंतचा स्वतंत्र टप्पा असतो. याशिवाय बरोज वेलकम फंड ही खासगी संस्था गणित, भौतिक, रसायन, संगणक, संख्याशास्त्र आणि अभियांत्रिकी या शाखांतून जीवशास्त्राकडे येणाऱ्यांना ‘करिअर अवॉर्ड्स अॅट द सायंटिफिक इंटरफेस’ या नावाने ५ वर्षांसाठी ५,६०,००० डॉलर देते. ती अमेरिका आणि कॅनडातील संस्थांपुरती आहे.

पीएच.डी. नुकतीच झाली असेल आणि परदेशी जाण्याची तयारी असेल, तर स्ट्रासबर्ग येथील ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप खास बिगर-जीवशास्त्रीय पीएच.डी.धारकांसाठी आहे. ती ३ वर्षांची असते, भारत या कार्यक्रमाचा सदस्य देश आहे, आणि पीएच.डी. झालेला देश सोडून दुसऱ्या देशात काम करावे लागते. प्रथम लेखक म्हणून किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा लागतो.

नाशिक, पुणे, मुंबई या टापूतच राहायचे असेल, तर दोन योजना प्रथम पाहा. पहिली, केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप. या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली असून त्यासाठी १,५०० कोटी रुपयांची तरतूद आहे, त्यांपैकी १,००० कोटी विभागाचे आणि ५०० कोटी ट्रस्टचे आहेत. दुसरी, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. ही २ वर्षांची, आयुष्यात एकदाच मिळणारी आहे. वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत आहे. या दोन्ही योजना खास संख्यात्मक शास्त्रज्ञांसाठी नाहीत, त्यामुळे आपण बाहेरून येत आहोत ही गोष्ट अर्जात आपणच समजावून सांगावी लागते. परीक्षक ती ओळखतील असे गृहीत धरू नका. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये शाखाबदल आणि निष्कर्ष ही दोन्ही कामे घाईत होतात. पाच वर्षांची मिळण्यासारखी असेल, तर माझे मत तिच्या बाजूने आहे.

३. प्रश्न रुग्णालयात शोधा

पद्धतीपासून सुरुवात करून तिला साजेसा आजार शोधणे हा आपल्या लोकांचा नेहमीचा मार्ग असतो, आणि परीक्षकांना तो पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर मिळाल्यावर एखाद्या डॉक्टरचा, परिचारिकेचा किंवा आरोग्याधिकाऱ्याचा निर्णय बदलेल.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घेते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल तालुक्यांच्या दृष्टीने सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जवळचा विषय आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेने २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. समजा, तपासणीच्या नोंदींवरून कोणत्या गावांत रुग्ण अधिक आढळतील याचे मॉडेल बांधण्याचा विचार तुम्ही केला. नोंदींच्या रकान्यात ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ एवढेच दिसते. परंतु गावपातळीवर वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ती व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी फसते, रक्तक्षय तीव्र असेल तर खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो, आणि नुकतेच रक्त चढवलेल्या माणसाच्या अहवालात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते. ही माहिती कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाशेजारी बसल्यावर ती कळते, आणि कळल्यावर तुमचे मॉडेलच बदलते : आता प्रश्न वर्गीकरणाचा न राहता, चुकीच्या मोजमापातून खरे प्रमाण काढण्याचा होतो. संख्याशास्त्रज्ञाला इथे खरोखर देण्यासारखे काही असते.

म्हणून प्रस्तावाचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी ज्या विभागाशी प्रश्न निगडित आहे तिथे परवानगी घेऊन काही दिवस बसा. केसपेपर कसा निघतो, नोंद कोण करते, रकाना रिकामा कधी राहतो, नमुना प्रयोगशाळेत पोहोचायला किती वेळ लागतो, हे पाहा. अपुरी नोंद ही बहुधा कोणाच्या तरी कामाच्या ओझ्याची खूण असते आणि ती कोणत्या रुग्णांच्या बाबतीत अपुरी राहते हे महत्त्वाचे असते, कारण गळालेली माहिती योगायोगाने गळालेली नसते.

४. मार्गदर्शक निवडा, आणि एकावर थांबू नका

पीएच.डी.चा गाइड आणि या निधीतला मार्गदर्शक यांत फरक आहे. इथला मुख्य मार्गदर्शक तुमच्या मूळ शाखेबाहेरचा, म्हणजे जैववैद्यकीय संशोधन सातत्याने करणारा हवा. त्याच्याबरोबर तुमच्या संख्यात्मक बाजूचा सहमार्गदर्शक असला, तर दोन्ही बाजू राखल्या जातात. तिसरी व्यक्ती म्हणून रुग्णसेवेत असलेले डॉक्टर सल्लागार असावेत.

नाशिकची एक अडचण इथे सांगितली पाहिजे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे आणि राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. गणित-विज्ञानाची महाविद्यालये मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे. एकाच शहरात राहून हे दोन वर्ग एकमेकांच्या परिसंवादांना क्वचितच जातात. त्यामुळे डॉक्टरांशी ओळख व्हायला विद्यापीठाच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या संशोधन कार्यशाळा हे चांगले ठिकाण आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी नमुनासंख्या काढून देण्याचे काम तिथे नेहमी पडलेले असते, आणि ते मनापासून करून देणाऱ्या माणसाला विभागप्रमुख पुढेही लक्षात ठेवतात.

मुख्य मार्गदर्शकासाठी मात्र बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागेल. मुंबईत परळची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था हिमोग्लोबिनच्या विकारांवर काम करते, खारघरला (नवी मुंबई) टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक कर्करोग संशोधनाचे केंद्र आहे, आणि देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहेत. पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून भेट घेता येते, पण अर्जात केवळ ‘नियमित भेटी होतील’ असे लिहू नका. दर आठवड्याला दूरदृश्य बैठक किती वेळाची, प्रत्यक्ष भेट महिन्यातून किती वेळा, प्रयोगशाळेतील सलग मुक्काम कोणत्या वर्षी, हे लिहा.

मार्गदर्शकाला पहिले पत्र पाठवताना एका पानात आपण कोण, कोणता प्रश्न मनात आहे, त्यांच्या कोणत्या शोधनिबंधाशी तो जोडलेला आहे आणि त्यांच्याकडून काय शिकायचे आहे, एवढेच लिहा. तीस पानांचा प्रबंध जोडू नका. डॉक्टरांना सकाळी ओपीडीच्या वेळी फोन करू नका.

सापळा असा की संस्थेतील सर्वांत मोठे पद असलेल्या व्यक्तीचे नाव मुख्य मार्गदर्शक म्हणून घालण्याचा मोह होतो. परीक्षक तिघेचौघे एकत्र बसून पाहतात की या व्यक्तीकडे सध्या चालू अनुदान आहे का, तिच्या हाताखालून पूर्वी किती जण तयार होऊन बाहेर पडले, आणि तिला तुमच्यासाठी वेळ आहे का. अधिष्ठात्यांना सल्लागार मंडळात अवश्य घ्या. आठवड्याला तासभर बसणारा माणूस मात्र दुसरा असू द्या.

५. शिकण्याचा आराखडा लिहा

अर्जातील हा भाग नवशिके शेवटच्या रात्री लिहितात, आणि निकाल बहुतेक वेळा इथेच ठरतो. के-२५ च्या परीक्षणात पाच निकष असतात : उमेदवार, करिअर विकासाचा आराखडा, संशोधन आराखडा, मार्गदर्शक आणि संस्थेचे वातावरण व बांधिलकी. यांत संशोधन आराखडा पाचातला एक आहे, हे पुन्हा पुन्हा वाचावे.

एका कागदावर तीन-चार उणिवा लिहा, त्याहून अधिक नकोत. उदाहरणार्थ, रक्तविज्ञानाचे मूलभूत ज्ञान नाही. रुग्णांवरील अभ्यासाची रचना कशी करतात ते येत नाही. प्रयोगशाळेतील मोजमापांच्या मर्यादा ठाऊक नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांसाठी लिहिण्याचा सराव नाही. मग प्रत्येक उणिवेपुढे शिकण्याचे साधन, शिकवणारी व्यक्ती, कालावधी आणि शिकल्याचा पुरावा लिहा. पुरावा म्हणजे परीक्षा, शोधनिबंध, प्रोटोकॉल किंवा एखाद्या परिषदेतील सादरीकरण. प्रत्येक उणीव संशोधनाच्या एखाद्या उद्दिष्टाशी जुळली पाहिजे. ज्या उद्दिष्टाला कोणतेच नवे शिक्षण लागत नाही, ते उद्दिष्ट या निधीसाठी नाही आणि ज्या अभ्यासक्रमाचा कोणत्याही उद्दिष्टाला उपयोग नाही, तो केवळ शोभेचा आहे.

भारतात राहून करता येण्यासारखा एक चांगला आरंभ म्हणजे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’, जो एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर आहे. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना तो करावाच लागतो, त्यामुळे तो केल्यावर तुम्ही आणि डॉक्टर एकाच शब्दांत बोलू लागता. मात्र ऑनलाइन प्रमाणपत्रांची रांग लावून आराखडा भरू नका. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत किंवा वॉर्डात घालवलेला काळ त्यात ठळकपणे हवा.

संशोधनातील सचोटीचे प्रशिक्षण हे एनआयएचच्या अर्जात स्वतंत्र एक पान असते. त्यात प्रशिक्षणाचे स्वरूप, विषय, अध्यापकांचा सहभाग, कालावधी आणि वारंवारता या पाचही गोष्टी लिहाव्या लागतात, किमान ८ तासांचा प्रत्यक्ष संवाद अपेक्षित असतो आणि केवळ ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा धरला जात नाही.

६. संशोधन आराखडा : थोडका आणि आपल्या आवाक्यातला

दोन किंवा तीन उद्दिष्टे पुरतात. दुसरे उद्दिष्ट पहिले यशस्वी झाल्यावरच सुरू होणार असेल, तर परीक्षक तिथे बोट ठेवतात. समीकरणे कमी लिहा. परीक्षकांत निम्मे जण जीवशास्त्राकडचे असतील. प्रत्येक पद्धतीबरोबर ती फसली तर काय करणार हे लिहा, आणि शेवटच्या वर्षात पुढच्या स्वतंत्र अनुदानासाठी कोणते प्राथमिक निष्कर्ष हाती असतील तेही सांगा.

हाताशी डेटा नाही म्हणून थांबू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, सुमारे ६.३७ लाख कुटुंबांची माहिती घेतली गेली आहे. बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या नोंदींचा एमआयएमआयसी हा संच प्रशिक्षण पूर्ण करून आणि करारावर सही करून मिळतो; करारानुसार तो इतर कोणाला देता येत नाही, अगदी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही नाही.

७. परवानग्यांना लवकर हात घाला

गणिताच्या विभागात एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरील संशोधन नैतिक दृष्टीने तपासणारी समिती, हा शब्दही कानावर पडलेला नसतो. माणसांची माहिती वापरणारे प्रत्येक काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांखाली येते. नावे काढून टाकलेली, सर्वांना खुली असलेली माहिती असेल तर परीक्षणातून सूट मिळू शकते, कमी जोखमीच्या कामाचे जलद परीक्षण होते, आणि उरलेले पूर्ण समितीपुढे जाते. आपले काम यांतल्या कोणत्या गटात बसते, हे समिती ठरवते. आपण ठरवून मोकळे व्हायचे नसते. समिती नोंदणीकृत आहे ना, तेही विचारून घ्या. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल, तर मार्गदर्शकाच्या संस्थेतील समितीपुढे कोणत्या नात्याने अर्ज करायचा, याचे लेखी उत्तर आधी मिळवा.

निधी किंवा सहकार्य परदेशी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते आणि तो अर्ज आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत जातो. रुग्णांचे नमुने किंवा नोंदी देशाबाहेर पाठवण्याचा विचार असेल, तर हा वेळ वेळापत्रकात धरलाच पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणाऱ्यांनी परिषदेची २०२३ ची स्वतंत्र तत्त्वेही वाचावीत.

८. कागदपत्रे जमवा

के-२५ साठी पानांच्या मर्यादा काटेकोर आहेत. भारतीय योजनांचे नमुने वेगळे असले, तरी मागितले जाते ते साधारण हेच असते :

– विशिष्ट उद्दिष्टे : १ पान.
– उमेदवाराची पार्श्वभूमी, करिअर आराखडा आणि संशोधन आराखडा मिळून : १२ पाने.
– संशोधनातील सचोटीच्या प्रशिक्षणाची योजना : १ पान.
– मार्गदर्शक आणि सहमार्गदर्शक यांची निवेदने : एकूण ६ पाने.
– सहकारी व सल्लागारांची पाठिंब्याची पत्रे : एकूण ६ पाने.
– संस्थेच्या वातावरणाचे वर्णन १ पान, आणि संस्थेच्या बांधिलकीचे पत्र १ पान.
– तुमचा आणि मार्गदर्शकांचा विहित नमुन्यातील बायोडेटा, अंदाजपत्रक, डेटा जपण्याची व इतरांना देण्याची योजना, आणि मानवी सहभागाविषयीची माहिती.
– ३ ते ५ शिफारसपत्रे, जी अर्जात जोडायची नसून शिफारस करणाऱ्यांनी एनआयएचच्या ईआरए कॉमन्स या प्रणालीवर स्वतः, अर्जाच्या मुदतीच्या आतच, भरायची असतात.

भारतात अर्ज करताना याखेरीज पीएच.डी.ची पदवी किंवा प्रबंध सादर केल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, लागू असल्यास जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यजमान संस्थेचे संमतिपत्र, आणि नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र व रजेचा लेखी आदेश तयार ठेवा. तोंडी ‘बघू, होऊन जाईल’ यावर कोणीही विसंबू नये. व्यवस्थापन बदलते, प्राचार्य बदलतात, आणि मग कागदच कामी येतो.

शिफारसपत्रांचा सापळा अनेकांना भोवतो. मार्गदर्शकांची निवेदने या ३ ते ५ पत्रांत मोजली जात नाहीत, आणि तीनपेक्षा कमी पत्रे पोहोचली तर अर्ज परीक्षणालाच जाऊ शकत नाही. म्हणून पाच जणांना विचारा, त्यांना तुमच्या उद्दिष्टांचे पान आणि बायोडेटा पाठवा, आणि मुदतीच्या आदल्या आठवड्यात प्रणालीवर पत्र पोहोचले की नाही ते स्वतः तपासा. दिवाळीच्या किंवा परीक्षांच्या दिवसांत मुदत येत असेल, तर ज्येष्ठांकडे महिनाभर आधी जावे.

९. वेळापत्रक मुदतीकडून मागे मोजा

के-२५ च्या नव्या अर्जांच्या नेहमीच्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर अशा असतात. चालू सूचनेतील तारीख मात्र दर वेळी पाहावी. अर्ज तुम्ही नव्हे, तुमची संस्था सादर करते, आणि संस्थेचे अनुदान कार्यालय आपली अंतर्गत मुदत काही दिवस आधी ठेवते. भारतीय योजनांच्या फेऱ्या वर्षभर उघड्या नसतात, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता मसुदा तयार ठेवावा.

मुदतीआधी वर्षभर प्रश्न आणि मार्गदर्शक, नऊ महिने आधी उद्दिष्टांचे पान आणि त्यावरच्या चर्चा, सहा महिने आधी शिकण्याचा आराखडा आणि एथिक्स कमिटीची चौकशी, तीन महिने आधी पूर्ण मसुदा, असा क्रम ठेवला तर शेवटचा महिना केवळ वाचून घेण्यासाठी उरतो. मसुदा दोन माणसांना वाचायला द्या : एक डॉक्टर, ज्यांना गणित नको आहे, आणि एक गणिती, ज्याला आजाराचे नावही माहीत नाही. जिथे दोघेही अडखळतील, ती वाक्ये नव्याने लिहा.

१०. निकाल आणि दुसरा अर्ज

एनआयएचमध्ये प्रत्येक निकषाला १ ते ९ गुण आणि एकूण परिणामासाठी १० ते ९० गुण दिले जातात. गुण जितके कमी, तितका अर्ज चांगला. बऱ्याच अर्जांवर बैठकीत चर्चाही होत नाही, तरीही परीक्षकांचे लेखी मत मिळते. इंडिया अलायन्सकडे प्राथमिक अर्ज, पूर्ण अर्ज आणि मुलाखत असे टप्पे असतात. मुलाखतीत आपल्या मूळ शाखेबाहेरचे साधे प्रश्न विचारले जातात, आणि तिथे ‘हे मला अजून येत नाही, ते अमुक वर्षात अमुक व्यक्तीकडे शिकणार आहे’ हे उत्तर शांतपणे देता आले पाहिजे. ते तुमच्या आराखड्यात लिहिलेले असेल, तर देता येते.

नकार आल्यावर दोन दिवस थांबून परीक्षकांचे मत मार्गदर्शकांसह वाचा. शेरे तीन गटांत लावा : आमची चूक होती, आम्ही नीट लिहिले नाही, आणि परीक्षकांचे मत आम्हाला पटत नाही. तिसऱ्या गटात एकदोनच शेरे उरावेत. एनआयएचमध्ये पहिल्या अर्जापासून ३७ महिन्यांच्या आत एकदा सुधारित अर्ज करता येतो. त्यासाठीच्या तारखा १२ मार्च, १२ जुलै आणि १२ नोव्हेंबर असतात आणि काय बदलले हे सांगणारे एक पान सुरुवातीला जोडावे लागते. मार्गदर्शकांची निवेदनेही नव्याने लिहून घ्या. अर्जात आराखडा बदललेला आणि निवेदनात जुन्याच बैठकांचा व जुन्याच अभ्यासक्रमांचा उल्लेख राहिलेला असेल, तर मार्गदर्शकाने नवा अर्ज वाचलेला नाही असा अर्थ परीक्षक काढतात.